मागच्या सीटवरचे धाकटे आबा

आमच्या घराण्यात विमानात बसलेला पहिला माणूस म्हणजे माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. घरात त्यांना धाकटे आबा म्हणत. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका बॉम्बफेकी विमानात ते गनर होते, म्हणजे मशीनगन चालवणारे. अशा माणसाचा विमानासोबतचा एकच फोटो आमच्याकडे होता, आणि आमच्या लोकांनी त्या फोटोतून विमानच पुसून काढलं.

हे मी रागाने लिहीत नाही. राग येऊन गेला. आता कीव येते, आणि तीही फार नाही.

झालं असं की आबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. ट्रंकेत तळहाताएवढा एक सापडला. आबा गणवेशात, कमरेवर हात ठेवून उभे, मागे विमान. माझे वडील तो घेऊन नारायणगावच्या एका स्टुडिओत गेले. वडील शिक्षक होते हे मुद्दाम सांगते, नाहीतर सगळं खापर अडाणीपणावर फुटायचं. स्टुडिओवाल्याने विचारलं, मागचं ठेवायचं की काढायचं? वडील म्हणाले, काढा, डोक्यातून काहीतरी उगवल्यासारखं दिसतंय. ते काहीतरी म्हणजे विमानाचा पंख होता. स्टुडिओवाल्याने फोटो मोठा केला, विमानावर निळा पडदा रंगवला, टोपीच्या जागी फेटा चढवला, कपाळाला गंध लावलं आणि खांद्यावर उपरणंही टाकलं. मूळ फोटो 'आता त्याचं काय काम' म्हणून तिथेच राहिला. घरी सगळ्यांनी हार घातला आणि एकमेकांना सांगितलं, अगदी हुबेहूब आलाय.

आबांना फेटा बांधलेलं कुणीही कधी पाहिलं नव्हतं.

मी दातांची डॉक्टर. जुन्नरला माझा दवाखाना आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचं आणि संध्याकाळी प्लास्टिकची विमानं जोडायची, हा माझा अनेक वर्षांचा उद्योग. दात कोरायच्या सुईने विमानाच्या पत्र्यांच्या जोडरेघा इतक्या बारीक काढता येतात की ती सुई त्यासाठीच बनवली असावी असं वाटतं. दवाखान्यात काचेच्या कपाटात माझी विमानं ठेवलेली असतात. पेशंट बघतात आणि विचारतात, मॅडम, उडतं का? नाही म्हटलं की मी त्यांना फसवल्यासारखा चेहरा करतात. मग मी त्यांना तोंड उघडायला सांगते.

आबांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी चुलत आत्या, शिनोलीला दिली आहे. वय पंच्याऐंशीच्या पुढे. एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. ती कवळी बसवायला माझ्याकडे आली होती. मी माप घेतलं, तिने चूळ भरली आणि कपाटाकडे बोट करून विचारलं, ह्यात माझ्या बापाचं कोणतं? मी म्हटलं, कोणतंच नाही, कारण त्यांचं विमान कोणतं होतं हेच कुणाला माहीत नाही. त्यावर ती खुर्चीतून उठलीच नाही. बाहेर पेशंट खोळंबले आणि आत तिने मला जे सांगितलं ते आमच्या घरात मी कधीच ऐकलं नव्हतं.

आबा युद्ध संपायच्या आधीच घरी आले. कानांतून पू यायचा, ऐकू कमी यायचं, म्हणून त्यांना सोडलं होतं. पण गावाला असली जखम चालत नाही. हात तुटलेला नाही, पाय तुटलेला नाही, छातीवर बिल्ला नाही, म्हणजे पळून आला. गाव शिनोलीच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्यापासून आतल्या अंगाला. तिथल्या लोकांनी तोवर विमान पाहिलं असेल तर ते आभाळात, ठिपक्याएवढं. पण मत सगळ्यांना होतं.

एकदा बैल घ्यायला सगळे मिळून बेल्ह्याच्या बाजाराला गेले होते. तिथे कुणीतरी आबांना विचारलं, विमानात तुझं काम काय होतं? आबांनी खरं ते सांगितलं. पायलट पुढे बसतो, मी त्याच्या मागे, शेपटीकडे तोंड करून बसायचो. बस, एवढंच बोलले. आमच्या मुलखात माणसाला उलटं बसवतात ते एकाच वाहनावर, आणि ते म्हणजे गाढव. ज्याची धिंड काढायची त्याला गाढवावर शेपटीकडे तोंड करून बसवायचं आणि गावातून फिरवायचं. बाजारातून परत येईपर्यंत ठरून गेलं, की इंग्रजांनी ह्याला काहीतरी गुन्ह्याची शिक्षा म्हणून विमानात उलटा बसवला होता. असा शोध लावायलाही एक प्रकारची बुद्धी लागते, पण ती दुसऱ्या कुठल्याच कामाला येत नाही.

त्या वर्षी धुळवडीला एका पोराला गाढवावर उलटं बसवलं. दोन्ही दंडांना दोन सुपं बांधली, ते पंख. आणि वाजतगाजत आबांच्या दारासमोर आणलं. गाढवाची दोरी गावातल्या सर्वांत मोठ्या जमीनवाल्याने स्वतः धरली होती. आत्या तेव्हा अगदी लहान, ओट्यावर उभी. तिला आधी मजा वाटली, तीही हसली. मग मागे वळून बघितलं तर बाप आत गेला होता आणि त्याने आतून कडी लावली होती.

पुढे लग्न होईपर्यंत ती गावात 'उलट्याची पोर' होती. लग्न ठरतानाही कुणीतरी शिनोलीला येऊन ही माहिती पोचवून गेलं. अशा कामाला आमचे लोक पदरमोड करून जातात.

"मला ते विमान बघायचंय," आत्या म्हणाली. "त्यो खरंच उलटा बसायचा का त्यानं आमाला थाप मारली, ह्ये ह्या डोळ्यानं बघायचंय. डोळा हाय तवर कर."

मी भिंतीवरचा तो फेटेवाला फोटो खाली काढला आणि दवाखान्यात नेला. दात बघायचं भिंग लावून इंच इंच तपासला. पडदा अगदी मन लावून रंगवलेला होता. पण स्टुडिओवाला माझ्या वडिलांइतकाच शहाणा निघाला. आबांचा हात कमरेवर होता, त्यामुळे कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये एक तिकोनी फट होती. ती रंगवायची राहून गेली. त्या फटीत, बोटाच्या नखाएवढ्या जागेत, शिडीच्या पायऱ्यांसारख्या बारीक आडव्या पट्ट्या दिसत होत्या. एवढंच काय ते विमान आमच्या घराण्याने शिल्लक ठेवलं होतं.

ते नखाएवढं चित्र मी इंटरनेटवरच्या विमानाची मॉडेल करणाऱ्यांच्या एका गटात टाकलं. माझा समज होता की जगभरातले जाणते लोक तिथे बसलेत. बसलेत खरे, पण कशाला ते त्यांनाच ठाऊक. एका इंग्रज गृहस्थाने आधी हेच विचारलं, की भारतीयांना त्या काळी विमानात बसू देत होते याची मला खात्री आहे का. एका अमेरिकनाने हिरव्या रंगाच्या छटांवर एवढं लांब लिहिलं की माझं जेवण झालं तरी ते संपेना, आणि फटीतलं ते चित्र काळंपांढरं होतं. पुण्याच्या एका तज्ज्ञांनी ठामपणे सांगितलं, ही खाट आहे. ती फट दाखवली तेव्हा आमच्या घरच्यांनीही खाटच म्हटलं होतं. म्हणजे पुण्यात आणि आमच्या गावात या बाबतीत काही फरक नाही.

शेवटी मीच जुने आराखडे मिळवून एकेक विमान ताडत बसले. आणि एका पंखावर त्या पट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. ते ब्रेक होते. व्हेंजन्स नावाचं अमेरिकन बनावटीचं बॉम्बर, एका इंजिनाचं, दोन माणसांचं. हे विमान सरळ उडत जाऊन बॉम्ब टाकत नसे. लक्ष्याच्या डोक्यावर जायचं, नाक खाली करायचं आणि विहिरीत दगड पडावा तसं सरळ खाली यायचं. पडण्याचा वेग आवाक्यात राहावा म्हणून पंखांवर त्या जाळीदार पट्ट्या उघडत. खाली येऊन बॉम्ब सोडायचा आणि पुन्हा वर. असं रोजच्या रोज केल्यावर कान फुटणार नाहीत तर काय होईल? पण गावाला हे सांगणार कोण, आणि सांगितलं तरी त्यांनी गाढवाचंच काहीतरी विचारलं असतं.

पुढच्या सीटवर पायलट, मागच्या सीटवर गनर आणि शेपटीकडे रोखलेल्या दोन नळ्या. आत्याचा बाप खोटं बोलला नव्हता. पण आराखड्यात एक भानगड होती. मागची खुर्ची फिरती होती. गनर तीत पुढे तोंड करूनही बसू शकत होता. इंटरनेटच्या गटातल्या तज्ज्ञांचं मत पडलं, की मग कसाही बसवा, दोन्ही बरोबर. त्यांना दोन्ही बरोबर असेल. मला आबा कसे बसायचे ते हवं होतं.

मी शिनोलीला गेले. आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी इतक्या मेहनतीने केलेली कवळी डबीत होती. ती फक्त लग्नाकार्याला बाहेर निघते. मी आत्याला खुर्चीचं सांगितलं आणि विचारलं, आबा आणखी काही बोलायचे का, लढाईचं, विमानाचं, काहीही. ती म्हणाली, न्हाई, धुळवडीनंतर त्या विषयावर ते कधी बोललेच नाहीत. मग बऱ्याच वेळाने, शेंगा फोडता फोडताच, तिला आठवलं. त्या धुळवडीच्या आधी ती एकदा झाडावरून पडली होती. तिला उचलून घेताना आबा हसत म्हणाले होते, तुला पडताना भुई दिसली ना, म्हणून भ्यालीस.

"म्हनले, आमी पडायचो तवा भुई पायलटला दिसायची. मला नुसतं आभाळ दिसायचं."

मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. नाक खाली करून सरळ पडणाऱ्या विमानात शेपटीकडे तोंड करून बसलेल्या माणसाची पाठ जमिनीकडे असते आणि डोळ्यांसमोर फक्त वरचं आभाळ. पुढे तोंड करून बसला असता तर त्यालाही भुईच दिसली असती. मी आत्याला हातवारे करून ते समजावलं. ती शेंगा फोडायची थांबली. मग म्हणाली, तसाच कर.

मी तसाच केला. करंगळीच्या दोन पेरांएवढे आबा, कवळीच्या मेणात कोरून घडवलेले, मागच्या सीटवर, दोन्ही हात बंदुकीवर, तोंड शेपटीकडे, हनुवटी जरा वर. फेटा नाही.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण बातमी गावात पोचली. गावच्या शाळेला नवीन हॉल झाला होता आणि त्यात गावातल्या फौजेत गेलेल्या माणसांचं दालन करायचं ठरलं होतं. समितीचे अध्यक्ष म्हणजे ज्याने गाढवाची दोरी धरली त्या जमीनवाल्याचा नातू. शर्यतीच्या बैलांचे मालक, गळ्यात साखळी, गाडीवर फ्लेक्स. त्यांच्या दाढा मी पाहिलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी आदर वाटायची सोयच उरली नाही. आपल्या आजोबांनी काय केलं होतं ते त्यांना माहीतही नव्हतं. असल्या गोष्टी ज्यांनी केल्या त्यांच्या घरात त्या कुणी सांगत नाही.

आबांचा फ्लेक्स तयार होता. त्यावर आजकालचं जेट विमान, आणि त्यातून फेटा बांधलेले आबा बाहेर डोकावत होते. अध्यक्षांनी माझं मॉडेल पाहिलं आणि विचारलं, तिरंगा कुठाय? मी म्हटलं, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. ते म्हणाले, पण आता न्हाई ना. मग त्यांना आबा मागे बसलेले दिसले. पायलटच करून टाका, मॅडम, कोण बघायला येतंय, असं म्हणाले. मी नाही म्हटलं. मग निदान तोंड तरी पुढं करा, पावणं येणार, उलटा बसलेला माणूस बरा दिसत न्हाई. मी त्यांना अर्धा तास समजावलं. मागून हल्ला आला तर कोण बघणार, बंदूक मागे का, सगळं. आणि भरीला अक्कल पाजळली, की खुर्ची फिरती होती खरी, पण आबा असेच बसायचे. त्या सगळ्यातून अध्यक्षांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, खुर्ची फिरती होती.

कपाटाची काच बसवायची म्हणून मॉडेल आदल्या दिवशी त्यांच्या ताब्यात द्यावं लागलं. उद्घाटनाच्या सकाळी मी आत्याला घेऊन हॉलमध्ये पोचले. पाहुणे अजून यायचे होते. सतरंज्या पडत होत्या. मी कपाटापाशी गेले आणि बघतच राहिले. आबांना फिरवून पुढे तोंड करून बसवलं होतं. झटपट चिकटणारा गम वापरला होता, त्याच्या वाफेने विमानाच्या सीटवरची पारदर्शक काच धुरकट पांढरी झाली होती. बंदूक आडवी येत होती म्हणून ती उपटून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवली होती. टाकली नव्हती, हा त्यांचा मोठेपणा.

अध्यक्ष हसतच आले. "मॅडम, येवढं तर चालतंय. मानानं बसवलंय."

मी काही बोलायच्या आत आत्या कपाटाशी वाकली होती. चांगला डोळा काचेला लावून तिने बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "ह्यो कोन?"

मी सांगितलं, आबा.

"ह्यो माझा बाप न्हाई," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण सतरंज्या घालणारी माणसं थांबली. "माझा बाप उलटा बसायचा."

हा शब्द तिने गावात जन्मभर तोंडातून काढला नव्हता. लोक तो तिला म्हणायचे. त्या दिवशी तिने तो स्वतःच्या तोंडाने गावातल्या माणसांसमोर म्हटला, आणि कवळीही घातलेली होती, त्यामुळे अगदी स्पष्ट ऐकू आला.

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, आत्याबाई, मानासाठीच केलंय, लोक नावं ठेवतील म्हणून. आत्या त्यांच्याकडे वळली.

"तुझ्या आज्यानं आमच्या दारात गाढव आनलं व्हतं. दोरी त्याच्या हातात व्हती, मी बघितलीय. पर त्यानं निदान उलटाच बसवला व्हता. तू तर माझा बापच बदाललास."

अध्यक्षांना यातलं काही कळलं नाही. पण मागे उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांना कळलं. ते हळूच दाराबाहेर गेले आणि कार्यक्रम संपेपर्यंत आत आले नाहीत. एवढ्या वर्षांनी का होईना, त्यांना लाज वाटली याचा मला मनापासून आनंद झाला.

माझी सुई आणि चिमटा पर्समध्ये होते. मी पांढरी पडलेली काच काढून टाकली, ती आता कशानेही साफ होणार नव्हती. आबांना सोडवताना त्यांचा एक पाय गमात तसाच राहिला. सीटच्या आत तो दिसत नाही. त्यांना शेपटीकडे तोंड करून बसवलं, बंदूक हातात दिली. वरची काच नसल्यामुळे ते आधीपेक्षा जास्त स्पष्ट दिसायला लागले. गमचा असा उपयोग होईल हे गम लावणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

मला वाटलं, झालं. पण आत्याने खुर्ची ओढली आणि कपाटासमोर बसली. विमानाचं नाक दाराकडे होतं, त्यामुळे आबांचं तोंड मागच्या भिंतीकडे आलं होतं. भिंतीवर फ्लेक्स होता. ती म्हणाली, कपाट फिरवा. अध्यक्ष म्हणाले, अवो, पावणं आत आल्यावर त्यास्नी आधी शेपूट दिसंल. आत्या खुर्चीतून हलली नाही. बाहेर गाड्या लागल्याचा आवाज आला, कुणीतरी हार घेऊन धावलं. तिला उचलून बाजूला करायची हिंमत कुणात नव्हती. शेवटी अध्यक्षांनी चार माणसं बोलावली आणि स्वतःही हात लावला. कपाट फिरलं. शेपूट दाराकडे आली, आणि शेपटीच्या वरून दोन नळ्या आणि आबा.

मग आत्या उठली. कपाटाच्या मागच्या अंगाला गेली, माझा हात धरून वाकली आणि चांगला डोळा विमानाच्या उंचीला आणून आबांच्या डोक्यावरून दाराबाहेर बघायला लागली. बाहेर शाळेचं मैदान होतं, मंडप होता, हार घेतलेले पाहुणे होते, आणि त्यांच्या वर आभाळ होतं.

"दिसतंय," ती म्हणाली. मग कंबर सरळ करून अध्यक्षांना सांगितलं, आता कापा तुमची फीत.